नयन तामोरेची तबकडी आणि चिंचणीचे कावळे

मालूने नयनला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी जगबुडी झाली होती. निदान ती सांगते त्यावरून तरी झालीच होती. ती नरपडच्या किनाऱ्यावर बोंबील राखत बसली होती, हातात कावळे हाकायची काठी, डोक्यावर ऊन. एकाएकी दर्यातून की जमिनीतून कोण जाणे, असा काही आवाज निघाला की माड कमरेतून वाकले, ओहोटीचं पाणी जाता जाता थबकून मागे बघायला लागलं, खोल गेलेल्या होड्या जाळी तशीच टाकून परत फिरल्या, आणि तिकडे गुजरातच्या हद्दीत नारगोळची माणसं भूकंप समजून भरल्या ताटावरून उठली. गावात एक म्हातारा कित्येक वर्षं ठार बहिरा होता, तोसुद्धा "कोण आहे रे?" करत ओटीवर आला. हे सगळं मालूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नरपडवरून नारगोळ दिसत नाही, असं कुणी म्हटलं तर ती त्या माणसाला दुसऱ्यांदा कालवण वाढत नाही.

आवाज थांबला तेव्हा सुरूच्या झाडांतून एक हडकुळा पोरगा बाहेर आला. गळ्यात टेपरेकॉर्डर, एका हातात बांबूला बांधलेला माइक, दुसऱ्या हातात कुठल्याशा मांडववाल्याकडून मागून आणलेला कर्णा, आणि अंगाभोवती इतक्या वायरी की जाळ्यात गुरफटलेली वाम मासळी बरी.

मालू काठी उगारून धावली. "ए! काय फोडलंस रे?"

"शू!" तो म्हणाला. "रेकॉर्डिंग चालू आहे."

मालूला जन्मात कुणी शू केलं नव्हतं. त्या धक्क्यातून ती सावरते न सावरते तोच दुसरा बसला. मागे वळून पाहते तो वाळवणावर एक कावळा नाही. दोरीवर नाही, बांबूवर नाही, माडावर नाही. नरपडच्या आभाळातून कावळा नावाचा पक्षीच पुसला गेला होता.

"कावळे कुठे गेले?" तिने विचारलं.

"कसले कावळे?" पोरगा म्हणाला. त्याने कावळे पाहिलेच नव्हते. तो आवाज पाहत होता.

पुढे रीतसर मागणी आली तेव्हा मालूच्या वडिलांनी मुलाचं शिक्षण, घर आणि तारापूरची कंपनीतली नोकरी बघितली. मालूने फक्त कावळे बघितले. जो माणूस नुसत्या आवाजाने एवढी राखण करतो, त्याच्या घरी बोंबलांना मरण नाही, असा साधा हिशेब करून ती चिंचणीला आली. हिशेब फसला. लग्नानंतर नयनने कावळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

चिंचणीच्या तामोऱ्यांच्या घरात नयन म्हणजे एक चूकच होती. बाप तांडेल, आजा तांडेल, आणि हा होडी नुसती हलताना पाहिली तरी ओकायचा. बापाने दोनदा दर्यावर नेला, तिसऱ्यांदा आयटीआयला नेला. तिथून तो तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करायला लागला. मोडीत निघालेले भाग घरी आणायचे आणि त्यांचे खोके करायचे, हा त्याचा छंद. खोक्याला बटण, बटणाला आवाज. एक खोका घूं करायचा, दुसरा टिंव टिंव करायचा, तिसरा काहीच करायचा नाही आणि नयनच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा होता. हे तिन्ही एकत्र लावून तो डोळे मिटून बसायचा, आणि त्याला तो संगीत म्हणायचा.

एकदा चुलतभावाच्या हळदीत त्याने आपण होऊन वाजवायची तयारी दाखवली. वाजवायला लागला तशी नवरदेवाचे मामा उठून मांडवामागे गेले आणि वीज गेली, जनरेटर बिघडला म्हणून. ते परत येईपर्यंत हळद लागून गेली होती.

आणि अशा माणसाने सत्याऐंशी साली चक्क रेकॉर्ड काढली. खरीखुरी, काळी, गोल, मोठी. कारखान्यातल्या साहेबांच्या ओळखीने मुंबईच्या एका स्टुडिओत तो दोन दिवस आपले खोके घेऊन बसला, आणि काही महिन्यांनी टेम्पोतून तीनशे तबकड्या घरी उतरल्या. नाव, 'ओहोटी, भाग पहिला'. निळ्या कव्हरवर एक पांढरी नागमोडी रेघ, ती नयनने स्वतः काढली होती. शेजाऱ्यांना ती तापाचा तक्ता वाटली, मालूला साप. मागच्या बाजूला त्याने सूचना छापून घेतली होती: 'हे यंत्रसंगीत रिकाम्या पोटी, भरती नसताना ऐकावे.' चिंचणीत त्या वेळी भरपूर माणसं रिकाम्या पोटी होती, पण कुणाकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. नयनकडेही नव्हतं. पाहुण्यांना काही वाटल्या, काही आकाशवाणीला पाठवल्या, काही मुंबईच्या दुकानांत ठेवल्या. कुठूनच काही आलं नाही, शिवीसुद्धा नाही. उरलेल्या तबकड्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत बांधून त्याने माळ्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "लोक तयार झाले की काढू."

दुसऱ्या भागाचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. हळूहळू घरातले बोलके खोकेही मुके झाले.

लोक तयार व्हायच्या आधी बोंबलांचा हंगाम आला. त्या वर्षी कावळ्यांनी कहर केला होता. आमच्याकडे त्यावर एक जुना उपाय आहे, मेलेला कावळा बांबूला उलटा टांगायचा. पण मेलेला कावळा हवा तेव्हा मिळत नाही, आणि मिळाला तर दोन दिवसांत असा वास सोडतो की बोंबीलसुद्धा नाक मुरडतात. मालू माळ्यावर काळं फडकं शोधायला चढली आणि तिच्या हाताला खोका लागला. तिने एक तबकडी बाहेर काढली. काळी कुळकुळीत. उन्हात धरली तर चकाकते. वाऱ्यात धरली तर फिरते. आणि मधोमध भोक! दोरी ओवायला म्हणूनच ठेवल्यासारखं!

तिने एक टांगली. कावळे उठले आणि तारापूरच्या दिशेने गेले ते गेलेच.

पुढच्या हंगामात शेजारणीने एक मागितली, मग तिच्या जावेने, मग खालच्या पाड्याने. मालूने कुणाला नाही म्हटलं नाही. चार-पाच वर्षांत चिंचणीच्या किनाऱ्यावर बोंबलांच्या प्रत्येक दोरीवर 'ओहोटी, भाग पहिला' वाऱ्यावर गरागरा फिरत होती. खाऱ्या हवेने मधले कागद गळून गेले, म्हणून ओळखायची सोय राहिली नाही. आणि आता ऐका. एका रविवारी खुद्द नयन किनाऱ्यावर आला, कमरेवर हात ठेवून त्या फिरणाऱ्या तबकड्या बराच वेळ न्याहाळत उभा राहिला आणि म्हणाला, "वा! कुणाच्या डोक्यातून निघालं हे? सिनेमाच्या जुन्या रेकॉर्डी दिसतात. चला, कुठे तरी कामाला आल्या."

मालूच्या हातातली बोंबलांची जोडी खाली पडली. "नरपडची पद्धत आहे," ती म्हणाली.

"हुशार हो तुमचं नरपड," नयन म्हणाला, आणि मग त्याने तिला प्रकाश परावर्तित कसा होतो ते समजावून सांगितलं.

सांगायचं राहून गेलं ते असं. आज सांगू, उद्या सांगू करता करता मुलगी रुपल मोठी झाली, लग्न होऊन बोईसरला गेली, नयन रिटायर झाला, केस गेले. माळ्यावर खोके तसेच होते. त्यात आता फाटकी जाळी होती.

गेल्या डिसेंबरात भाविनी आली. मूळची डहाणूची, चिकूवाल्यांच्या घरातली, आता मुंबईत. तिची आणि तिच्या दोन परदेशी भागीदारांची एक छोटी कंपनी आहे. विसरलेल्या रेकॉर्ड शोधायच्या आणि नव्याने काढायच्या, हा धंदा. असा धंदा असतो हे कळल्यावर मालूला पहिला धक्का बसला. दुसरा लगेच बसला, कारण पोरीने पिशवीतून ते निळं सापाचं कव्हर बाहेर काढलं.

"काका, मुंबईत जुन्या बाजारात मिळालं. फक्त कव्हर. आत काही नव्हतं. तीन वर्षं मी तुम्हाला शोधतेय. जगात कुणीच ऐकलेली नाही ही रेकॉर्ड!"

"मी ऐकलीय," नयन म्हणाला. "एकदा. स्टुडिओत."

"कॉपी आहे तुमच्याकडे?"

नयन असा हसला की मालूने लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा हसलेला पाहिला नव्हता. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरतात, पण शिडीवर पोरासारखा चढला. "एक काय, दोनशे घेऊन जा!" माळ्यावरून त्याचा आवाज आला. मग खोका उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

तो खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात जाळ्याचा एक तुकडा होता.

"मालू?"

मालू उंबऱ्यात उभी होती. पळायचं तर पुढे अंगण होतं, आणि अंगणातल्या दोरीवर, सुकत घातलेल्या थोड्याशा बोंबलांच्या वर, गावातली शेवटची तबकडी मजेत फिरत होती. बाकीच्या केव्हाच तडकल्या, मोडल्या, वादळात दर्यात गेल्या. नयनने मालूकडे पाहिलं, मालूने दोरीकडे पाहिलं, मग नयनने दोरीकडे पाहिलं.

"ती... ती सिनेमाची नव्हती?"

"नाही."

"कुठलीच?"

"कुठलीच नाही. अहो, कावळे..." मालू म्हणाली. मांदेलीच्या वाट्यासाठी अर्ध्या बाजाराशी भांडणारी बाई, ती कावळ्यांमागे लपली.

भाविनी मात्र अंगणात धावली होती. तिने तबकडी सोडवली, ओढणीच्या टोकाने पुसली, पिशवीतून सुटकेसएवढं यंत्र काढलं आणि ओटीवर मांडलं. तबकडी उन्हाने पोह्याच्या पापडासारखी झाली होती, एकीकडे डोंगर, एकीकडे दरी. तिच्यावर मिठाचे पोपडे होते, आणि घाबरट नसलेल्या एखाद्या कावळ्याने चोची मारून ठेवल्या होत्या. सुई खाली ठेवली. सुई डोंगर चढली, दरीत पडली, पुन्हा चढली.

घूंऽऽईंऽऽ... खर्र... टक. घूंऽऽईंऽऽ... खर्र... टक टक.

दळण दळणाऱ्या चक्कीत मांजर सापडावं, तसं काहीतरी. मालूने कानावर हात ठेवले. नयन पांढराफटक पडला. आणि भाविनी? तिचे डोळे मिटले होते आणि गालावरून चक्क पाणी ओघळत होतं.

"काका," ती म्हणाली, "हे सॉलिड आहे. समुद्र ऐकू येतोय यात."

"तो समुद्र नाही," नयन म्हणाला. "ते मीठ आहे."

"आणि तो मधूनमधून येणारा ठोका..."

"ती चोच आहे, बाळा. हे माझं नाही. माझं असं नव्हतंच."

पोरीने ऐकून घेतलं, पण तिच्या तोंडावर दिसत होतं की तिला हेच हवंय. कंपनीला ऐकवायला तिने ते सगळं उतरवून घेतलं. "अजून एखादी चांगली कॉपी मिळाली तर कळवा, काका. मी परत येईन," असं म्हणून ती गेली.

त्यानंतर नयन बोलेना. रागावला नाही, आदळआपट नाही. मीठ कमी झालं तर नयन घरभर सांगतो, त्याने अळणी कालवण निमूट खाल्लं. मालूने मुद्दाम दुसऱ्या दिवशी मीठच घातलं नाही. तेही खाल्लं! मालूच्या पायाखालची जमीन सरकली. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"अहो, शिव्या तरी द्या."

"कशाला? तुझ्या बोंबलांचं भलं झालं." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "एकाने, मालू. एकाच माणसाने ऐकायला हवं होतं, मी केलं तसं. मग दोरीला टांगा नाही तर चुलीत घाला. आता ती पोरगी त्या पापडालाच नयन तामोरे म्हणणार."

मालू उठली, चपला शोधल्या. तिला एक गोष्ट आठवली होती. त्या काळात ती बाजारच्या दिवशी तलासरीला सुकी मासळी विकायला बसायची. वेवजीची नवशी तिचं कायमचं गिऱ्हाईक, पावसाळ्याची बेगमी तिच्याकडूनच न्यायची. एका वर्षी नवशीच्या टोपलीचं बूड गेलं होतं, जवळा गळत होता. मालूने खाली ठेवायला म्हणून कव्हरासकट एक रेकॉर्ड दिली होती. टोपलीचं बूड म्हणून दिलेली वस्तू पस्तीस वर्षांनी मागायला निघालेली ती डहाणू-तलासरी भागातली पहिलीच बाई असावी.

डहाणूहून एसटीने तलासरी, नाक्यावरून टमटमने वेवजी. नवशी अंगणात उडीद पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मालूबाय! आज विकायला दारात आलीस?"

"विकायला नाही ग. मागायला आले. तुला आठवतं, मी एकदा निळं पुठ्ठ्याचं..."

"साप काढलेलं?"

मालू घाईने म्हणाली, "मोडलं ना? कशाला लावलंस? कोंबड्यांना?"

नवशी तिच्याकडे बघतच राहिली. "कोंबड्यांना कशाला? तूच म्हणालीस तव्हा, नवऱ्याने केलंय, आत आवाज आहे. माणसाचं हातचं काम, जवळ्याखाली कोण घालतं? मी जवळा पदरात नेला." तिने आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली, लग्नातलं लुगडं उचललं, त्याच्याखाली घडी न पडलेलं, कोरं करकरीत निळं कव्हर, तबकडीसकट. "आमच्याकडे वाजवायचं यंत्र नव्हतं. माझा पोरगा दिपक म्हणायचा टाकून दे. मी म्हटलं, बायकोने सांगितलंय तर काही तरी असेल."

मालूला एरवी कुणी बोलून लाजवू शकत नाही. नवशीने पेटी उघडून लाजवलं. ती ओट्यावर बसली आणि नवशीने दिलेला गूळ-चहा निवत ठेवून कव्हरवरच्या सापावरून बोट फिरवत राहिली.

परतीच्या वाटेवर तिने तबकडी छातीशी धरली. एसटीत बसायला जागा मिळाली, पण ती बसली नाही, मागचा माणूस टेकला तर काय घ्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काच आहे का?" मालू म्हणाली, "नवरा आहे." पूर्ण डहाणूपर्यंत तो कंडक्टर तिच्या जवळ फिरकला नाही.

निरोप मिळताच रविवारी भाविनी आली. यंत्र मांडलं. या वेळी सुई न डगमगता पाण्यावरून होडी जावी तशी गेली.

आणि लग्नाला जवळजवळ चाळीस वर्षं झालेल्या मालूने नवऱ्याची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली.

आधी काहीच नव्हतं. मग अगदी खालून एक सूर आला, इतका हळू की तो बाहेर आहे की आपल्याच पोटात, ते कळेना. तो वर येत राहिला. त्याच्यावर बारीक टिंव टिंव, चिखलात पाणी मागे सरताना निवट्या माशांच्या बिळांतून बुडबुडे फुटतात ना, तशी. मग सूर मागे सरायला लागला. सरत, सरत, सरत गेला आणि थांबला. शांतता. मालूला वाटलं यंत्र बिघडलं. पण नयनने बोट वर केलं होतं. तो तिसरा खोका वाजत होता, काहीच न करणारा. मालूने श्वास धरला. आणि तो धरून ठेवलेला असताना तिला कळलं की आपल्याला पाणी परत यायला हवंय. यंत्रातल्या आवाजाने आपल्याला काही हवंसं वाटावं, याचा तिला एवढा धक्का बसला की तिने नयनची लुंगीच धरली. गाठ सुटता सुटता राहिली.

पाणी परत आलं.

"हेच," नयन म्हणाला. "हे बरोबर आहे. बरोबर निघालंय."

"अहो," मालू म्हणाली, "मधे थांबलात तेव्हा मी मेले असते!"

"थांबलो ना? कळलं तुला, थांबलो ते?"

"मग! बहिरी आहे का मी?"

त्या दिवशी कालवणात मीठ कमी होतं, आणि नयनने ते तीनदा सांगितलं.

भाविनी मात्र खाली मान घालून सुई उचलत होती. "छान आहे, काका," ती म्हणाली. "खूप स्वच्छ आहे."

"स्वच्छ म्हणजे?" मालूने विचारलं. मासळी ताजी आहे का, असं विचारल्यावर कोळीण ज्या स्वरात 'म्हणजे?' म्हणते, तो स्वर.

"म्हणजे काकी, असं बाकीच्यांनीही केलंय त्या काळात. बाहेर. पण पहिली जी आहे ना, तशी जगात दुसरी नाही. मीठ, ऊन, कावळे... भागीदारांना तर वेड लागलंय. पण मी दोन्ही पाठवते त्यांना, प्रॉमिस."

"अगं पोरी, ती माझी राखण आहे! वाळवणाची! हे यांचं आहे!"

"असू दे, मालू," नयन म्हणाला. तो हसायला लागला होता, आणि त्या हसण्यात काय होतं ते मालूला आजही नीटसं सांगता येत नाही. "भाविनी, मग एक कर. संगीतकार म्हणून माझ्या नावाखाली कावळ्यांचंही नाव टाक."

भाविनीने गंभीरपणे मोबाइल काढला आणि ते लिहून घेतलं.

भागीदारांचं उत्तर जानेवारीत आलं. नवी रेकॉर्ड मार्चमध्ये निघाली. तिच्यावर दोरीवरच्या तबकडीचा आवाज आहे. वेवजीहून आणलेली कोरी तबकडी वापरली नाही.